बिल्ला घेतला, कागद सोडला: सुरुवातीच्या सोव्हिएत काळातले बिल्ले आणि त्यांच्यासोबतची कागदपत्रं

रानवाटा

नमस्कार मंडळी,

गेली सतरा वर्षं मी सोव्हिएत बिल्ले जमवते आहे. सगळे नाही. क्रांतीनंतरची पहिली वीस-बावीस वर्षं, म्हणजे १९१८ पासून दुसऱ्या महायुद्धापर्यंत, एवढाच टप्पा. इथे नाणी आणि पोस्टाची तिकिटं जमवणारे बरेच आहेत, पण बिल्ल्यांवर धागा दिसला नाही म्हणून काढते आहे. एक अडचणही आहे, ती शेवटी मांडते. जाणकारांनी मदत करावी.

आधी सुरुवात कशी झाली ते सांगते. वैद्यकीय शिक्षणासाठी मी त्वेरला होते. व्होल्गेच्या काठचं, मॉस्कोच्या वायव्येचं गाव. रविवारी तिथे जुन्या वस्तूंचा बाजार भरायचा. एका आजींनी जमिनीवर चादर अंथरली होती आणि बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात एक बिल्ला होता: दातेरी चाक, त्यात छातीने फीत तोडणारा धावपटू, मागे लाल तारा. 'गोतोव्ह क त्रुदू इ ओबोरोन्ये', म्हणजे 'श्रमाला आणि संरक्षणाला सज्ज'. आद्याक्षरांवरून सगळे त्याला 'गेतेओ' म्हणतात. शारीरिक क्षमतेच्या परीक्षा उत्तीर्ण झाल्यावर तो मिळायचा. मी घेतला. आजींनी त्याच डब्यातून चौघडी घातलेला पिवळा कागद काढला आणि म्हणाल्या, "हाही ने, पोरी, त्याचाच आहे." पैसे मागत नव्हत्या. मला तेव्हा छापील रशियन जेमतेम वाचता यायचं, हस्ताक्षर मुळीच नाही. मी नको म्हटलं.

चार महिन्यांनी एका वयस्कर संग्राहकाला तो बिल्ला दाखवला. त्याने उलटसुलट करून पाहिला आणि पहिला प्रश्न विचारला, "कागद कुठे आहे?" त्या कागदावर नाव असतं, कारखाना असतो, कोणती परीक्षा कोणत्या दिवशी दिली ते असतं. पुढचे कितीतरी रविवार मी त्या बाजारात गेले. आजी परत दिसल्या नाहीत. बिल्ला आजही माझ्याकडे आहे, पण तो कोणी मिळवला होता हे आता कधीच कळणार नाही, आणि ते माझ्यामुळे.

तेव्हापासून मी बिल्ल्यापेक्षा कागदाच्या मागे जास्त असते.

आता थोडं विषयाबद्दल. या काळातल्या वस्तूंचे ढोबळ दोन गट पडतात. एक, राज्याने दिलेले सन्मान. 'लाल निशाण' हा पहिला सोव्हिएत सन्मान १६ सप्टेंबर १९१८ ला सुरू झाला आणि पहिला मिळाला तो वासिली ब्ल्युखेर याला. सुरुवातीला तो फितीवर लटकत नसे, लाल कापडाच्या फुलावर बसवून छातीला लावत. सोबत 'ग्रामोता' मिळायची, म्हणजे सनद, त्यात कशासाठी दिला हे लिहिलेलं. ही मंडळी माझ्या खिशाबाहेरची आहेतच, शिवाय सोव्हिएत राज्य-सन्मानांची खरेदी-विक्री हा आजच्या रशियात फौजदारी गुन्हा आहे, दंडसंहितेचं कलम ३२४. त्या वाटेला मी जात नाही आणि कोणी जाऊ नये.

दुसरा गट संस्थांच्या बिल्ल्यांचा, आणि माझ्या मते खरी मौज इथे आहे. वीसच्या दशकात तिथे प्रत्येक गोष्टीसाठी एक मंडळ निघालं. 'हवाई दलाचे मित्र' १९२३ मध्ये, विमानांसाठी वर्गणी गोळा करायला. 'निरक्षरता हटाव' मंडळही १९२३ चंच. कैदेत पडलेल्या क्रांतिकारकांना मदत करणारी 'मोप्र', तिच्या चिन्हात तुरुंगाच्या गजांतून बाहेर आलेला हात लाल रुमाल हलवतो आहे. १९२५ पासून नास्तिकांचा संघ. जानेवारी १९२७ मध्ये हवाई-रासायनिक मंडळ आणि संरक्षणाला साहाय्य करणारं मंडळ एकत्र होऊन 'ओसोआव्हियाखिम' झालं, आणि त्यानेच डिसेंबर १९३२ मध्ये 'व्होरोशिलोव्ह नेमबाज' हा बिल्ला काढला. या प्रत्येकाचा बिल्ला होता, आणि बहुतेकांची सभासद पुस्तिकाही. पुस्तिकेत महिन्याच्या वर्गणीची इवलीशी तिकिटं चिकटवलेली असतात. एखाद्याने मार्चपर्यंत नेमाने भरलेली असते, मग चार चौकोन रिकामे, मग पुन्हा सुरू. त्या चार महिन्यांत काय झालं असेल, याचा विचार करत मी कित्येकदा बसलेली आहे.

गेतेओ ११ मार्च १९३१ ला सुरू झाला. त्याच्या परीक्षा वाचल्या की तो काळ डोळ्यांसमोर उभा राहतो. धावणं, उड्या, पोहणं, स्कीवरून जाणं हे आहेच. पण त्याबरोबर हातबॉम्ब फेकणं, ३२ किलोची काडतुसांची पेटी उचलून न थांबता ५० मीटर चालणं, आणि विषारी वायूचा मुखवटा चढवून एक किलोमीटर जाणं. वय आणि स्त्री-पुरुष पाहून निकष वेगळे.

कागदाचं वय कसं ओळखायचं, तर मी पाहते ते थोडक्यात:

लिपी. १९१८ मध्ये रशियन लेखनात सुधारणा झाली, काही अक्षरं बाद झाली आणि शब्दाच्या शेवटचं 'कठोर चिन्ह' गेलं. हे चिन्ह शब्दाच्या मधे मात्र राहिलं होतं, तरी वीसच्या दशकातले छापखाने तिथेही ते न वापरता वर एक स्वल्पविरामासारखी खूण देत. ती खूण दिसली की मला बरं वाटतं. नकली कागद करणारे बहुधा आजच्या पद्धतीने लिहून मोकळे होतात.

शिक्का. सोव्हिएत राजचिन्हातल्या लोंब्यांवर फितीचे वेढे असतात, ते मोजायचे. १९३६ च्या संविधानानंतर ११, १९४६ नंतर १६, १९५६ नंतर १५. त्याआधीच्या चिन्हात ते याहून कमी. तिशीच्या सुरुवातीच्या कागदावर ११ वेढ्यांचा शिक्का असेल तर हात जोडून परत करायचा.

गावाचं नाव. पेत्रोग्राद जानेवारी १९२४ मध्ये लेनिनग्राद झालं, त्सारित्सिन १९२५ मध्ये स्तालिनग्राद. माझं त्वेर १९३१ ते १९९० कालिनिन होतं.

खात्यांची नावं. 'मंत्रालय' हा शब्द १९४६ चा. त्याआधी 'लोक-कमिसारियत'.

आता माझी अडचण. गेल्या महिन्यात एका संग्राहकाकडून गेतेओ पहिल्या टप्प्याचा बिल्ला आणि त्याची पुस्तिका मिळाली. वर छापील मथळा 'केंद्रीय कार्यकारी समितीच्या अखत्यारीतली अखिल-संघ शारीरिक शिक्षण परिषद' असा आहे. ही परिषद १९३६ पर्यंतच होती, म्हणजे तारखेशी, १९३४ शी, जुळतं. पुस्तिका एका बाईची आहे, कारण आडनाव स्त्रीलिंगी आहे (नाव इथे देत नाही, तिची नातवंडं कुठेतरी असतील). तीन शंका आहेत. १) बिल्ल्यामागे कोरलेल्या क्रमांकाचा शेवटचा आकडा १ आहे आणि पुस्तिकेत मला तो ७ दिसतो. २) गोल शिक्क्यात 'इव्हानोवो-व्होझ्नेसेन्स्क' आहे. ते गाव डिसेंबर १९३२ मध्येच नुसतं 'इव्हानोवो' झालं होतं. ३) 'व्यवसाय' या ओळीतला शब्द काही केल्या लागत नाही. फोटो खाली देते आहे.

जुनं पान

रानवाटाताई, अप्रतिम धागा. वाचनखूण साठवली. वर्गणीच्या तिकिटांचं वाचून आमच्या गावच्या वाचनालयाची पुस्तिका आठवली. सवडीने परत वाचतो.

टाकसाळ

लेख आवडला, पण एका ठिकाणी माझं मत वेगळं आहे आणि ते स्पष्ट लिहितो.

कागदावर एवढा विश्वास टाकू नका. मी तीस वर्षं नाण्यांत आहे, गेली दहा बिल्ल्यांतही. कागद आणि बिल्ला 'एकत्र मिळाला' म्हणजे एकत्र जन्मला असं नाही. विक्रेत्याकडे एका डब्यात पन्नास बिल्ले आणि दुसऱ्या डब्यात तीस कागद असतात. जोडी लावली की किंमत वाढते, मग तो जोड्या लावतो. क्रमांक नसलेल्या बिल्ल्यांच्या बाबतीत तर ही फसवणूक सिद्धही करता येत नाही. म्हणून आधी धातू तपासावा, मग कागदाकडे वळावं.

धातूचं सांगतो. त्या काळचे चांगले बिल्ले ठशाने दाबून घडवलेले आहेत आणि त्यांत काचेचा मीना भट्टीत वितळवून भरलेला आहे. झारच्या काळात रेजिमेंटचे बिल्ले घडवणारे कारागीरच क्रांतीनंतर नवे बिल्ले करू लागले, त्यामुळे हात कसलेला दिसतो. मागे स्क्रू आणि त्यावर चपटी गोल चकती, आपल्याकडे कुड्यांना फिरकी असते तशीच. रशियन मंडळी अशा बिल्ल्याला 'झाक्रूत्का' म्हणतात.

नकली बहुतेक ओतीव असतो. अस्सल बिल्ल्यावरून साचा घेतात आणि धातू ओततात. धातू थंड होताना आकसतो, त्यामुळे नकली बिल्ला अस्सलापेक्षा किंचित लहान भरतो. डोळ्याला कळत नाही, कॅलिपरला कळतं. भिंगाखाली पृष्ठभागावर बारीक खड्डे दिसतात, अक्षरांच्या कडा साबणाच्या वडीसारख्या गुळगुळीत. मीना काचेचा असेल तर तुटलेली जागा काचेच्या कपच्यासारखी चमकते. आजकाल भरतात ती रंगीत इपॉक्सी. तिच्यावर सुईचं टोक टेकवलं तर खळगा पडतो, काचेवर सुई सरकते. ही परीक्षा बिल्ला आपला असेल तरच आणि कडेलाच करावी.

तारा असेल तर आत काय आहे तेही पाहावं. १९१८ मधल्या लाल सैन्याच्या ताऱ्यात हातोडा आणि नांगर होता. १९२२ मध्ये नांगराच्या जागी विळा आला. विळ्याच्या ताऱ्याला '१९१८ चा दुर्मिळ तारा' म्हणून विकणारे मी पाहिले आहेत.

रानवाटा

टाकसाळकाका, जोड्या लावण्याबद्दल पूर्ण सहमत. म्हणूनच तर क्रमांकाचा शेवटचा आकडा मला इतका छळतो आहे. धातूचे मुद्दे जपून ठेवते, आकसण्याची गोष्ट माहीत होती पण मी कधी मोजून पाहिलं नव्हतं. आज कॅलिपर लावला. माझे दोन्ही गेतेओ अगदी सारखे भरले.

पण "कागद नंतर" हे मला पटत नाही. धातू अस्सल आहे की नाही एवढंच तुमचं भिंग सांगेल. बिल्ला कोणाचा, ते कागदच सांगतो. आणि कागदही तपासता येतो. मी दुकानात नोटा तपासायचा जांभळा दिवा वापरते. कपड्यांना नीळ देतात तशी कागद पांढराशुभ्र दिसावा म्हणून जी रसायनं घालतात, ती महायुद्धानंतर सर्रास आली. अशा कागदावर दिवा मारला की तो निळा झगमगतो. तिशीतला कागद त्या उजेडात मंद, पिवळट, जवळजवळ मेलेला दिसतो. माझी पुस्तिका तशीच दिसली, पानोपान. मग शाई: दौत-टाकाची शाई रेघेच्या कडेला दाटते, अक्षर वळतं तिथे निब फाकून दोन समांतर ओरखडे राहतात. बॉलपेन असलं तर प्रश्नच मिटला. आणि 'रासायनिक पेन्सिल': कोरडी असताना करडी, ओलं बोट लागलं की जांभळी. माझ्या पुस्तिकेत दोन नोंदी तिच्या आहेत आणि एका ठिकाणी कोणाच्या तरी ओल्या अंगठ्याने जांभळा डाग पडला आहे. असा डाग कोणी मुद्दाम करायला बसणार नाही असं मला वाटतं.

गिरणगाव

इव्हानोवो म्हणजे तेच ना, कापडगिरण्यांचं? रशियाचं मँचेस्टर म्हणतात ते?

रानवाटा

हो, तेच. १९०५ च्या संपात कामगारांनी निवडलेल्या प्रतिनिधींची पहिली मोठी सोव्हिएत, म्हणजे परिषद, तिथेच बसली असं रशियन इतिहासात शिकवतात. आणि त्याच प्रांतात विचुगा नावाचं गाव आहे. १९३५ मध्ये तिथल्या येवदोकिया आणि मारिया विनोग्रादोवा या दोन तरुणींनी एकेकीने शंभराहून जास्त साचे, म्हणजे यंत्रमाग, चालवून देशभर नाव केलं.

गिरणगाव

शंभर! ताई, माझे वडील लालबागला विणकर खात्यात होते. चार साचे सांभाळताना माणूस कानाने बहिरा आणि पायाने थकलेला घरी यायचा. शंभर साचे म्हणजे ते स्वयंचलित असणार, सूत तुटलं की आपोआप थांबणारे, आणि हाताखाली माणसं असणार. तरी चालत किती जावं लागत असेल एका पाळीत, याचा हिशेब करून बघा. तुमच्या त्या बाईचा व्यवसाय त्या शब्दात निघाला तर जरूर सांगा. मी वाट बघतोय.

वाचनवेडी

माझा प्रश्न कदाचित बाळबोध असेल. मी एकदा परदेशातल्या एका छोट्या संग्रहालयात तिशीतलं एक सोव्हिएत प्रमाणपत्र पाहिलं होतं. त्यावर खाली सही आणि नाव शाईने पूर्ण काळं केलं होतं, इतकं की कागद फाटायला आला होता. माहिती पाटी नव्हती. असं का करत?

टाकसाळ

बाळबोध मुळीच नाही. हा या विषयाचा गाभा आहे.

१९३७-३८ च्या धरपकडीत ज्याला 'जनतेचा शत्रू' ठरवलं, त्याचं नाव घरात सापडणंही धोक्याचं झालं. आता विचार करा, तुमच्या नेमबाजीच्या किंवा सभासदत्वाच्या कागदावर ओसोआव्हियाखिमचा अध्यक्ष रोबर्त एइदेमान याचं नाव आहे. त्याला जून १९३७ मध्ये मार्शल तुखाचेव्हस्कीबरोबर गोळ्या घातल्या. तुमचा दोष काही नाही, तुम्ही फक्त नेम चांगला धरला होता. पण कागद घरात आहे. जाळावा तर तुमच्या कष्टाचा पुरावा जातो, ठेवावा तर भीती. मग लोक नाव काळं करत, कधी ब्लेडने खरवडत, कधी फोटोतला चेहरा कापून काढत.

राज्य-सन्मानांच्या पुस्तिकांवर तर सहीवरूनच काळ लागतो. १९३५ पर्यंत केंद्रीय कार्यकारी समितीचा सचिव आवेल येनुकिद्झे. त्याच्या जागी इव्हान अकुलोव्ह. दोघांनाही १९३७ मध्ये मारलं. मग अलेक्सांद्र गोर्किन. तीन सह्या आणि चारच वर्षं.

आणि पहिलं 'लाल निशाण' ज्याला मिळालं तो ब्ल्युखेर, १९३५ मध्ये मार्शल झालेला, नोव्हेंबर १९३८ मध्ये तुरुंगात मेला. अटक झालेल्या माणसाचे सन्मान काढून घेत. बिल्ला आणि कागद दोन्ही एकाच घरात टिकून राहणं किती कठीण होतं ते यावरून समजा. त्या बाबतीत मी रानवाटा यांच्या बाजूने आहे, जोडी खरी असेल तर ती मोडू नये.

वाचनवेडी

धन्यवाद काका. तो काळा डाग आता मला वेगळाच दिसायला लागला.

पवईकर आजोबा

मी या विषयातला नाही, तरी लिहितो. पवईची आयआयटी १९५८ मध्ये सुरू झाली तेव्हा युनेस्कोमार्फत सोव्हिएत यंत्रसामग्री आणि तज्ज्ञ आले होते. मी पुढे काही वर्षांनी तिथल्या प्रयोगशाळेत लागलो. रशियन पाहुणे आले की खिशातून बिल्ले काढून वाटत, लेनिन, अंतराळवीर, शहरांची चिन्हं. माझ्याकडे चाळीसेक आहेत. त्यांत एक मात्र वेगळा आहे, जड आहे, मागे टाचणी नसून फिरकी आहे. एक वयस्कर मेकॅनिक परत जाताना देऊन गेला होता. त्यावर लक्ष्याची वर्तुळं आणि बंदूक धरलेला सैनिक आहे.

काळा पडला होता म्हणून आमच्या सौभाग्यवतींनी मागच्या दिवाळीत देवाच्या भांड्यांबरोबर चिंच-मीठ लावून लख्ख घासला. आता रानवाटाताईंचा धागा वाचून पोटात गोळा आला आहे. बिघडलं का?

रानवाटा

आजोबा, नमस्कार. वर्णनावरून तो 'व्होरोशिलोव्ह नेमबाज' दिसतो! फोटो पाहिल्याशिवाय खात्री देणार नाही, पण फिरकी, वर्तुळं आणि नेम धरलेला सैनिक, हे जुळतं. म्हणजे तो मेकॅनिक तरुणपणी, १९३० च्या दशकात, निशाणेबाजीची परीक्षा उत्तीर्ण झाला असणार, आणि पंचवीस-तीस वर्षं जपलेला बिल्ला त्याने तुम्हाला दिला. त्याला तुमच्याबद्दल काय वाटत असेल ते यातच आलं.

घासण्याबद्दल: काळपट थर गेला तो परत येणार नाही, पण आजींना काही म्हणू नका. काचेच्या मीन्याला एकदा चिंच लागल्याने सहसा काही होत नाही. काळजी फटींची: मीना आणि धातू यांच्या सांध्यात मीठ अडकलं असेल तर ते ओल धरून धातू खात राहतं. म्हणून शुद्ध पाण्यात (बॅटरीत घालतात ते, गाडीच्या दुकानात मिळतं) थोडा वेळ ठेवा, पाणी दोनदा बदला, मऊ कापडाने टिपा, केसांचा ड्रायर वापरू नका, सावलीत वाळवा. फिरकी गच्च असेल तर पकड लावू नका, स्क्रूचा डाख निघतो. यापुढे चिंच, लिंबू, रांगोळी, टूथपेस्ट काहीही नको.

आणि एक विनंती. त्या मेकॅनिकबद्दल जे आठवतं ते आजच कागदावर लिहा: कोणत्या साली आला, कोणत्या विभागात होता, कोणत्या गावचा म्हणायचा, बिल्ला देताना काय बोलला. खाली सही आणि तारीख घाला. त्या बिल्ल्याचा मूळ कागद गेला असेल, पण तुमच्या हातचं हे टिपण त्याच्यासोबत राहील.

पवईकर आजोबा

लिहायला बसलो आहे. दोन पानं झाली. तो स्वेर्दलोव्स्कचा होता, एवढं नक्की आठवतं, कारण ते नाव मला उच्चारता येत नसे आणि तो रोज सकाळी माझ्याकडून म्हणवून घ्यायचा.

टाकसाळ

आजोबा, स्वेर्दलोव्स्क म्हणजे येकातेरिनबुर्ग. १९२४ मध्ये येकातेरिनबुर्गचं स्वेर्दलोव्स्क झालं. तेही टिपणात घाला.

नेवाकाठ

उशिरा आले. मी अनुवादाचं काम करते, रशियन हस्ताक्षरं रोज वाचते. रानवाटा, तुझे तिन्ही प्रश्न सुटतात असं वाटतं.

क्रमांक: तो ७ नाही, १ आहे. शाळेत टाकाने लिहायला शिकलेले रशियन लोक १ काढताना खालून एक लांब तिरकी रेघ वर नेतात आणि मग सरळ खाली येतात. आपल्याला तो ७ वाटतो. त्यांच्या ७ ला मधे आडवी रेघ असते. तुझ्या फोटोत वरच्या ओळीत जन्मसाल आहे, '१९१३', त्यातला पहिला १ बघ आणि क्रमांकाचा शेवटचा आकडा बघ. एकाच हातचे आहेत.

शिक्का: घाबरू नकोस. गावाचं नाव बदललं म्हणून प्रत्येक कारखान्याने दुसऱ्या दिवशी नवा रबरी शिक्का केला असं होत नाही. आपल्याकडे 'बॉम्बे' लिहिलेले शिक्के किती वर्षं चालले? नाव बदलल्यानंतरच्या कागदावर जुना शिक्का असणं चालतं. उलटं असतं, म्हणजे १९३१ च्या कागदावर 'इव्हानोवो', तर मी हात लावला नसता.

व्यवसाय: हस्तलिखितात रशियन 'त' ला तीन पाय असतात, ते छापील 'त' सारखं मुळीच दिसत नाही, आणि तू तिथेच अडकली आहेस. तीन पायांचं 'त', मग 'क', 'आ', 'च', 'इ', 'ख', 'आ'. त्काचिखा.

विणकरीण.

गिरणगाव

वाटलंच होतं. वडील असते तर त्यांना वाचून दाखवलं असतं.

रानवाटा

नेवाकाठ, काय बोलू! जन्मसालातला १ आणि शेवटचा १, दोन्ही शेजारी ठेवून मोठे करून पाहिले. तीच तिरकी रेघ, तोच किंचित वाकडा टेकू. क्रमांक जुळला. बिल्ला आणि पुस्तिका एकाच बाईची आहे.

मग रात्री तुझ्या किल्लीने बाकीची पानंही वाचायला बसले. परीक्षांचा तक्ता आहे, प्रत्येक ओळीपुढे तारीख आणि परीक्षकाची सही. एकवीस वर्षांची होती. स्कीची नोंद फेब्रुवारी १९३४, वायूच्या मुखवट्याची मे महिन्यातली, हातबॉम्बची त्याच दिवशीची. जूनमध्ये धावणं आणि उड्या. सगळं एकाच काळ्या शाईत, एकाच परीक्षकाच्या हातचं. फक्त पोहण्याची ओळ वेगळी आहे. तिथे आधी जुलैची तारीख लिहून खोडली आहे. पुढे ऑगस्टची एक तारीख, तीही खोडलेली. मग रासायनिक पेन्सिलीने २ सप्टेंबर, वेगळ्या परीक्षकाची सही, आणि त्याच ओळीवर तो ओल्या अंगठ्याचा जांभळा डाग, ज्याबद्दल मी वर लिहिलं होतं. इव्हानोवोतून उवोद नदी वाहते. सप्टेंबरात तिचं पाणी चांगलंच गार असणार.

बिल्ला देण्याची तारीख ५ सप्टेंबर.

टाकसाळकाका, आता एक साठवणुकीचं विचारते. दोन्ही एकाच पाकिटात ठेवायचे आहेत. फिरकीचा गंज पुस्तिकेवर उतरू नये म्हणून मधे काय घालू?

टाकसाळ

बिल्ला आधी पॉलिएस्टरच्या छोट्या पाकिटात घाला, पीव्हीसीच्या नको, ते धातूला चिकट हिरवा थर आणतं. पुस्तिका आम्लरहित कागदात गुंडाळा. मग दोन्ही एका खोक्यात शेजारी शेजारी, एकमेकांवर नाही. पावसाळ्यात सिलिका जेलची पुडी, आणि ती दर महिन्याला तपासा. खोक्यावर आतल्या बाजूने पेन्सिलीने दोन्हींचा क्रमांक लिहा, म्हणजे तुमच्यानंतर कोणी उघडलं तरी वेगळं करणार नाही.